फर्स्ट टच, खांद्यावरून नजर आणि एक वही: आठवी ते दहावीच्या फुटबॉल खेळाडूसाठी

शालेय स्पर्धा तालुक्यातून जिल्ह्याला, तिथून कोल्हापूर विभागाला आणि मग राज्याला जाते. सामने बहुतेक बाद पद्धतीचे असतात. साताऱ्यातल्या किंवा सांगलीतल्या शाळेचा संघ पहिल्याच सामन्यात हरला, तर त्या वर्षाचा शालेय फुटबॉल तासाभरात संपतो. आठवी ते दहावीत असे पाच-सहा सामने खेळून खेळाडू घडत नाही. तो घडतो उरलेल्या महिन्यांत, आणि त्या महिन्यांत नेमकं काय करायचं हे मुलांना क्वचितच कुणी फोड करून सांगतं.

ग्राऊंडवर पोहोचलं की सगळे आधी गोलसमोर रांग लावतात आणि शॉट मारत बसतात. सामन्यात मात्र शॉटची संधी दोन-तीनदा येते. बॉल पायावर घेऊन पुढे द्यायची वेळ दर थोड्या वेळाने येते. म्हणून आधी फर्स्ट टच, म्हणजे आलेला बॉल पहिल्याच स्पर्शात ताब्यात घेणं, आणि बॉल यायच्या आत आजूबाजूला बघायची सवय. शूटिंग त्यानंतर.

भिंतीसमोरची वीस मिनिटं

एक सपाट भिंत, खडू आणि बॉल, एवढंच लागतं. बारा वर्षांपुढे पाच नंबरचा बॉल वापरावा: घेर 68 ते 70 सेंमी, वजन 410 ते 450 ग्रॅम. त्यात हवा ठासून भरू नकोस. दोन्ही अंगठ्यांनी दाबल्यावर बॉल जेमतेम दबला पाहिजे. दगडासारखा टणक बॉल आपल्या खडबडीत ग्राऊंडवर कुठेही उडतो आणि शिवणही लवकर उसवते. भिंतीवर जमिनीपासून 60 सेंमी उंच आणि एक मीटर रुंद चौकट आख, आणि चार मीटर अंतरावर उभा किंवा उभी राहा.

पहिला संच: एका टचने थांबवायचा, दुसऱ्याने चौकटीत मारायचा. उजव्या पायाने 50, डाव्याने 50.

दुसरा संच: उजव्या पायाने घ्यायचा, डाव्याने मारायचा, मग उलट. पहिल्याच टचमध्ये बॉल अंगासमोरून दुसऱ्या पायाकडे गेला पाहिजे. दोन्ही बाजूंनी 25-25.

तिसरा संच सगळ्यात महत्त्वाचा, त्याला जोडीदार लागतो. तो तुझ्या मागे पाच-सहा पावलांवर उभा राहून एक ते पाच बोटं दाखवेल आणि दर वेळी आकडा बदलेल. तुझ्या पायातून बॉल सुटला की लगेच मान वळवून खांद्यावरून मागे बघ, आकडा मोठ्याने सांग, आणि परतलेला बॉल थांबव. दहा-दहाचे पाच संच. पहिल्या आठवड्यात बॉल पायाखालून निसटेल, ते चालेल. आकडा न बघता थांबवलेला बॉल मात्र मोजायचा नाही. सामन्यातही नजर टाकायची ती सहकाऱ्याच्या पायातून पास सुटतो त्या क्षणी. बॉल मीटरभरावर आल्यावर मागे वळलं की तो हमखास निसटतो.

शेवटी एक मिनिट घड्याळ लावून वन-टच, म्हणजे बॉल न थांबवता थेट मारायचा, आणि चौकटीत बसलेले पास मोजून लिहून ठेव. आठवड्यातून पाच दिवस एवढं पुरे. शनिवारी चार तास आणि मधे काहीच नाही, यापेक्षा रोजची वीस मिनिटं कितीतरी चांगली.

आता पायाबद्दल. आतल्या बाजूने बॉल घेताना पाऊल जमिनीपासून दोन-तीन सेंमी वर, बोटं किंचित वर आणि उभ्या पायाचा गुडघा थोडा वाकलेला हवा. पाऊल बॉलच्या मध्याला भेटतं आणि भेटताच हलकेच मागे येतं, वरून टाकलेली वस्तू झेलताना हात मागे घेतो तसं. बॉल दर वेळी एक-दीड मीटर पुढे उडत असेल तर पाऊल ताठ राहतंय. पायाखालून जात असेल तर पाऊल फार वर आहे. पायावर चढून नडगीला लागत असेल तर पाऊल बॉलच्या खालच्या भागाला भेटतंय. या तिन्ही चुका दुरुस्त करताना अंतर चारवरून तीन मीटर कर आणि वेग कमी ठेव. आणखी एक चूक सहज लक्षात येत नाही: समोरून पास आला की बहुतेक जण तो जवळच्या पायाने घेतात, त्यामुळे पाठ प्रतिस्पर्ध्याच्या गोलकडेच राहते. लांबच्या पायाने घेतला की अंग आपोआप अर्धं वळतं आणि पुढचं सगळं ग्राऊंड दिसतं. हा एक बदल पक्का व्हायला तीन-चार महिने लागतात, पण सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो.

ग्राऊंड आणि बूट

स्पर्धा सुरू होतात तेव्हा साताऱ्यात पाऊस असतो. चिखलात जमिनीलगतचा पास अर्ध्यात थांबतो, म्हणून तो जरा खालून उचलून, जास्त जोराने द्यावा लागतो. त्याची सवय जूनपासूनच कर, सामन्याच्या दिवशी नव्हे. सांगलीकडची काळी माती ओली असताना स्टडमध्ये, म्हणजे बुटाच्या तळाच्या खुंट्यांमध्ये, गच्च बसते, आणि मग बूट तळव्याने सपाट होऊन घसरतो. दर थांब्याला बुटावर बूट आपटून माती काढायची. तीच माती उन्हाळ्यात भेगाळते आणि भेगेत टाच अडकून घोटा मुरगळतो. खेळायच्या आधी ग्राऊंडला एक फेरी मारून मोठ्या भेगा आणि दगड बघून ठेव.

लांब स्टडचे बूट पावसाळ्यासाठी. कोरड्या, टणक जमिनीवर त्यांचा दाब टाचेत आणि गुडघ्यात जातो. तिथे बारीक रबरी स्टडचे टर्फ बूट बरे. एकच जोड परवडत असेल तर टर्फचाच घ्यावा. "पुढच्या वर्षीही होतील" म्हणून एक नंबर मोठे बूट घेऊ नयेत, हे पालकांना कळकळीने सांगणं आहे. पाय आत सरकला की फोड येतात आणि टच बिघडतो. खेळायचे मोजे घालून बोटांपुढे अर्धा अंगठा जागा राहावी, तेवढी पुरते. नडगीवर घालायचं शिनगार्ड नियमानेच सक्तीचं आहे. ते सरावातही घालावं, नाहीतर सामन्यात जड वाटतं.

उंची वाढते तेव्हा

आठवी-नववीत अनेक मुलं अचानक वाईट खेळू लागतात. पास चुकतो, उडीचं टायमिंग जातं, पळताना पाय जड वाटतात. सर रागावतात, घरचे म्हणतात लक्ष नाही. बहुतेक वेळा कारण साधं असतं: हाडं झपाट्याने लांब होत असतात, स्नायू मागे राहतात, आणि शरीराचं माप बदलल्याने मेंदूचा जुना हिशेब चुकतो. मुलांमध्ये हा काळ साधारण 13-14 व्या वर्षी येतो, मुलींमध्ये त्याच्या साधारण दोन वर्षं आधी.

दर महिन्याच्या एक तारखेला दाराच्या चौकटीवर उंचीची खूण कर. तीन महिन्यांत अडीच सेंमी किंवा जास्त वाढ दिसली की वेगाच्या धावा आणि उड्या साधारण एक तृतीयांशाने कमी कर. त्या जागी तोल आणि बॉल कंट्रोल घे: एका पायावर 30 सेकंद उभं राहून जोडीदाराकडून हाताने टाकलेले बॉल आतल्या बाजूने परत करणं, दोन्ही पायांनी तीन-तीनदा.

याच काळात गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या हाडावर टेंगूळ येऊन दुखतं. त्याला ऑस्गुड-श्लॅटर म्हणतात. टाचेच्या मागच्या बाजूला दुखतं ते सेव्हर. दोन्ही वाढीच्या वयातले त्रास आहेत आणि दोन्ही जास्त उड्या-पळण्याने चिघळतात. खेळल्यावर कापडात गुंडाळलेला बर्फ 10 ते 15 मिनिटं लाव. लंगडायला लागलं तर त्या दिवशी खेळ बंद. आठवडाभर तसंच राहिलं तर डॉक्टर. तेल चोळून आणि क्रेप बँडेज बांधून सामना खेळवणं हा शुद्ध अन्याय आहे.

अजिंक्यताऱ्यावर पळत चढणं दमाला चांगलं, पण आठवड्यातून एकदाच, आणि उतरताना चालत. उतारावर पळताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावर आदळ बसते. फुटबॉलला लागणारं पळणं छोटं आणि वळणाचं असतं: 20 मीटरच्या आठ धावा, प्रत्येकीनंतर पूर्ण एक मिनिट विश्रांती, निम्म्यांत मधे एकदा दिशा बदलायची. आठवड्यातून दोनदा.

वॉर्म-अपसाठी 'फिफा 11+' हा तयार क्रम आहे: आठ मिनिटं हलकं पळणं, दहा मिनिटं ताकद आणि तोल, दोन मिनिटं वेगाचं पळणं. यातला मांडीच्या मागच्या स्नायूचा व्यायाम वगळू नकोस. गुडघ्यावर बसायचं, जोडीदाराने घोटे दाबून धरायचे, आणि अंग सरळ ठेवून हळूहळू पुढे जायचं. सुरुवात तीन ते पाच वेळा. ग्राऊंडला दोन चकरा मारून थेट शॉट मारायला लागलेल्यांच्या मांड्या पहिल्या अर्ध्या तासात धरतात.

खाण्यात वेगळं काही लागत नाही. सामन्याच्या तीन तास आधी भाकरी किंवा पोळी, उसळ, भात. अर्धा तास आधी केळं किंवा मूठभर तासगावचे बेदाणे. वडापाव सामन्यानंतर. उन्हात एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि तोच अर्धा चमचा मीठ घालून, चवीला लिंबू पिळून ठेव आणि घोट-घोट पी. सामन्याच्या दिवशी नवीन काहीही खायचं नाही.

आदर्श कसा बघायचा

भिंतीवर पोस्टर लावलं तर लाव, पण शिकायचं असेल तर बघायची पद्धत बदल. सामन्यातली पंधरा मिनिटं निवड आणि बॉल सोडून फक्त तुझ्या जागेवर खेळणाऱ्या एका खेळाडूकडे बघ. बॉल लांब असताना तो कुठे उभा आहे, मान किती वेळा वळवतो, आपला संघ बॉल हरला की पहिली तीन पावलं कुठल्या दिशेने टाकतो, ते लिही. टीव्हीवर हे नीट दिसत नाही, कारण कॅमेरा बॉलच्या मागे असतो. म्हणून कोल्हापुरातले तालमींच्या फुटबॉल संघांचे सामने शाहू स्टेडियमवर जाऊन बघ. सांगलीहून तर सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं. 2017 च्या 17 वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव त्याच कोल्हापूरचा आणि पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत तयार झालेला. उंची कमी म्हणून खचलेल्यांनी सुनील छेत्री बघावा. साधारण 170 सेंमी उंचीच्या या खेळाडूचे हेडरचे गोल बघताना तो उडी किती लवकर घेतो आणि डिफेंडरच्या नजरेआड कसा सरकतो, तेवढंच बघ.

सामने कमी, म्हणून ते आपणच वाढवायचे. रविवारी पाच-पाच जणांचा खेळ, छोटं ग्राऊंड, दहा मिनिटांचे डाव. महिन्यातून दोनदा तरी वयाने मोठ्या मुलांत खेळ. तिथे ताकद चालत नाही, म्हणून बॉल लवकर सोडायला शिकता येतं. मुलींचा संघ पुरा होत नसेल तर दोन शाळांनी मिळून सराव करावा. सुब्रतो कप या शाळांच्या राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धेत 17 वर्षांखालील मुलींचा गट आहे, त्यामुळे तयारी वाया जात नाही. दहावीत खेळ पूर्ण सोडू नये. भिंतीचा सराव चार दिवस आणि रविवारचा खेळ एवढं ठेवलं तरी टच टिकतो.

वही

प्रत्येक सामन्यानंतर त्याच रात्री तीनच ओळी. किती वेळा बॉल घेऊन पुढे तोंड करता आलं. बॉल कुठे आणि कसा गेला. येत्या आठवड्यात कुठला एक सराव. "आज वाईट खेळलो" ही नोंद काही कामाची नाही. "दुसऱ्या हाफमध्ये तीनदा बॉल गेला, तिन्ही वेळा दाब डावीकडून, मी मागे बघितलं नव्हतं" ही कामाची. अशी नोंद असेल तर सोमवारी भिंतीसमोर बोटांचा संच आधी घ्यायचा, आणि जोडीदाराला डाव्या खांद्यामागे उभं करायचं.