घरी अलार्म बसवताय? ड्रिल हातात घ्यायच्या आधी एवढं बघून घ्या

चोर-अलार्मचं खोकं घरात आलं की पहिला हात ड्रिलकडे जातो, माझाही गेला होता, आणि मग सहा भोकं पाडून झाल्यावर कळलं की पॅनल, म्हणजे सगळे सेन्सर जिथे जोडतात तो मुख्य डबा, त्या भिंतीवर नकोच होतं. म्हणून ही यादी. क्रम माझा आहे, तुम्ही बदला, पण कागदाचं काम ड्रिलच्या आधी आणि मल्टिमीटरचं काम पॅनल जोडायच्या आधी उरकून घ्या.

पहिलं म्हणजे परवानगी. घर भाड्याचं असेल तर मालकाकडून लेखी घ्या, तोंडी होकार भोकं बुजवायच्या वेळी कुणाला आठवत नाही. मग अलार्म वाजला की कोण येणार ते ठरवा, कारण नियम त्यावर बदलतात. नुसता भोंगा वाजवायचा असेल तर प्रश्न मुख्यतः आवाजाचा, किती वेळ वाजू द्यायचा त्याचा. युरोपच्या स्टँडर्डमध्ये बाहेरचा सायरन जास्तीत जास्त १५ मिनिटं, काही शहरांत त्याहून कमी, तेव्हा आपल्याकडचा आकडा विचारून तो पॅनलच्या प्रोग्रामिंगमध्ये टाका. पोलिसांपर्यंत सिग्नल जाणार असेल तर गोष्ट वेगळी. अमेरिका-कॅनडातल्या बऱ्याच शहरांत अलार्मचं परमिट काढावं लागतं आणि खोटे अलार्म वाढले की दंड बसतो. ब्रिटनमध्ये पोलीस यायला हवे असतील तर सिस्टिमला एक नंबर लागतो, तो मान्यताप्राप्त इन्स्टॉलरमार्फतच मिळतो, स्वतःच्या हाताने बसवलेल्याला मिळत नाही. हे आधी माहीत असलं तर निम्मे निर्णय आपोआप होतात. इन्शुरन्सवर सवलत हवी असेल तर पॉलिसीतली ती ओळ शोधून वाचा, तिथे बहुतेक वेळा ग्रेड लिहिलेला असतो.

ग्रेड म्हणजे ईएन ५०१३१ या युरोपच्या अलार्म-स्टँडर्डमधल्या सुरक्षेच्या पायऱ्या, १ ते ४. साध्या घराला बहुधा ग्रेड २ सांगतात, आणि एक लक्षात ठेवा, पूर्ण सिस्टिमचा ग्रेड तिच्यातल्या सगळ्यात कच्च्या भागाएवढा. पॅनल ग्रेड ३ चं घेतलं आणि दाराचा सेन्सर ग्रेड १ चा लावला तर पॅनलवर खर्च केलेले पैसे कागदोपत्री वाया. अमेरिकेत यूएल या तपासणी संस्थेचा शिक्का बघतात, घरगुती चोर-अलार्मला यूएल १०२३ आणि आगीच्या बाजूला यूएल ९८५. शिक्का खोक्यावर नाही, वस्तूवर शोधा.

वायरलेस किट असेल तर फ्रीक्वेन्सी बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. युरोपात बरीच किटं ८६८ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतात, अमेरिकेत बरीच ९०२ ते ९२८, भारतात विनापरवाना पट्टा ८६५ ते ८६८. परदेशातून कुणी प्रेमाने आणलेलं किट दुसऱ्या देशात चालू होतंही, पण ते बेकायदा असू शकतं आणि त्या पट्ट्यात आधीच दुसरं काहीतरी गोंगाट करत असेल तर सेन्सर मध्येच गायब होतात.

आता वीज. २३० किंवा १२० व्होल्टची नवी लाईन ओढायची असेल तर ते काम लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनचं, त्यात हुशारी करायची नाही. पॅनलसाठी असा पॉइंट निवडा जो भिंतीवरच्या बटणाने बंद होत नाही, नाहीतर कुणीतरी लाईट समजून बटण दाबतं, पॅनल गुपचूप बॅटरीवर जातं आणि दुसऱ्या दिवशी मेलेलं असतं. अर्थिंग अर्थच्या टर्मिनललाच जोडा, गॅसच्या पाइपला तर कधीच नाही. बॅटरी जोडताना हातातली अंगठी-कडं काढून ठेवा. १२ व्होल्ट ऐकायला किरकोळ वाटतं, पण ७ अँप-अवरची बॅटरी शॉर्ट झाली की धातू क्षणात लालबुंद होतो. आधी बॅटरी जोडायची की आधी मेन, हे कंपनीगणिक वेगळं आहे, मॅन्युअलमध्ये बघा.

आणि हिशोब कराच, दोन मिनिटांचं काम आहे. समजा पॅनल, कीपॅड, सगळे सेन्सर मिळून शांत असताना २५० मिलिअँप खातात. २४ तास चालवायचं तर ०.२५ गुणिले २४, म्हणजे ६ अँप-अवर. ७ ची बॅटरी कागदावर पुरली, पण दोन-तीन वर्षांनी ती ७ ची राहत नाही. युरोपात ग्रेड २ ला १२ तास मागतात, अमेरिकेच्या एनएफपीए ७२ या आगीच्या अलार्मच्या नियमावलीत घरगुती फायर अलार्मला २४ तास आणि वर ४ मिनिटं वाजता आलं पाहिजे. तुमच्यावर कुठला नियम लागतो ते बघून बॅटरी घ्या, दुकानात होती म्हणून घेऊ नका.

वायरिंगवर मी जरा जास्त बोलणार आहे कारण माझा घोळ तिथेच झाला. वायरवाल्या सेन्सरच्या लूपमध्ये, म्हणजे पॅनलपासून सेन्सरपर्यंत जाऊन परत येणाऱ्या तारेत, एक छोटा रेझिस्टर (विजेला ठरावीक अडथळा करणारा भाग) लागतो, त्याला एंड-ऑफ-लाईन म्हणतात, माझ्या पॅनलला ५.६ किलो-ओहमचा होता, हिरवा-निळा-लाल पट्ट्यांचा. नावातच लिहिलंय की तो लाईनच्या शेवटी, म्हणजे सेन्सरजवळ बसवायचा. पण सेन्सरच्या डबीत जागा कमी, पॅनलमध्ये भरपूर, म्हणून मी सगळे रेझिस्टर पॅनलच्या टर्मिनलवरच खोचले आणि खूश झालो, कीपॅडवर सगळे झोन (एकेका दाराचे-खोलीचे वेगळे लूप) हिरवे. तीन आठवड्यांनी सहज मागचं दार उघडं ठेवून कीपॅड बघितला तर तरीही हिरवा. वायर पक्की करायला ठोकलेली यू-पिन दोन्ही तारांत घुसून त्या एकमेकींना चिकटल्या होत्या, त्यामुळे पॅनलला दाराचा पत्ताच नव्हता, त्याला फक्त आपल्या पोटातला रेझिस्टर दिसत होता आणि तो म्हणत होता सगळं ठीक. रेझिस्टर सेन्सरजवळ असता तर त्या शॉर्टने लूप शून्यावर आलं असतं आणि पॅनल तिथल्या तिथे ओरडलं असतं.

तेव्हा पॅनलला जोडायच्या आधी, पॉवर बंद असताना, पॅनलकडच्या टोकाला मल्टिमीटर लावा. दार बंद असताना साधारण ५.६ के दिसलं पाहिजे, दार उघडलं की मीटर ओपन दाखवेल. दार बंद असताना जेमतेम दोन-चार ओहम आले तर रेझिस्टर राहिलाय किंवा वायर कुठेतरी दबलीये. प्रत्येक झोनचा आकडा कागदावर लिहून तो कागद पॅनलच्या झाकणाच्या आत चिकटवा, पुढच्या दुरुस्तीला येणारा माणूस दुवा देईल. यू-पिना ठोकायच्या असतील तर गोल डोक्याच्या, वायरच्या मापाच्या घ्या.

सिग्नलची वायर मेनच्या वायरसोबत एकाच पाइपात घालायची नाही, बहुतेक ठिकाणी नियमानेच मनाई आहे, आणि ओलांडावी लागली तर काटकोनात ओलांडा. सायरनच्या वायरीची जाडी वेगळी मोजा. २२ गेजची तांब्याची तार किलोमीटरला साधारण ५३ ओहम, ३० मीटर लांब सायरन म्हणजे जाऊन-येऊन ६० मीटर, झाले ३.२ ओहम, सायरन १ अँप ओढत असेल तर वाटेतच ३.२ व्होल्ट गेले, १२ चे उरले ८.८. आणि हे ऐन वीज गेलेली असताना, बॅटरीवर. १८ गेज (आकडा लहान, तार जाड) वापरली तर सव्वा व्होल्टच जातो.

आता निरोप बाहेर कसा जाणार. जुनी टेलिफोनची लाईन असेल तर पॅनल घरातल्या सगळ्या फोनच्या आधी लागलं पाहिजे, म्हणजे कुणी रिसीव्हर उचलून ठेवला तरी पॅनल लाईन हिसकावून घेतं. अमेरिकेत त्यासाठी आरजे-३१एक्स नावाचा जॅकच आहे. हात लावायच्या आधी बाहेरून येणारी लाईन सोडवा, कारण एरवी तिच्यात ४८ व्होल्ट डीसी असतात पण नेमकी त्या क्षणी बेल आली तर ९० च्या आसपास एसी येतो, झटका चांगला बसतो. फोन फायबरवर गेला असेल तर वीज गेली की राउटर बंद, मग अलार्म कुणाला सांगणार? राउटरला बॅकअप द्या किंवा सिमकार्डचा दुसरा रस्ता ठेवा. सिमचा मॉड्यूल ४जी आहे ना ते बघा, अमेरिकेत एका मोठ्या कंपनीने फेब्रुवारी २०२२ मध्ये ३जी बंद केलं तेव्हा जुने पॅनल मुके झाले. ब्रिटनमध्ये जुनं टेलिफोन नेटवर्क जानेवारी २०२७ पर्यंत बंद करायचं ठरलंय.

स्मोक डिटेक्टरबद्दल थोडक्यात. तो स्वयंपाकघराच्या ओट्यापासून ३ मीटर तरी लांब, झोन २४ तासांचा, म्हणजे अलार्म ऑफ असला तरी तो जागा, आणि मागची तारीख बघा, १० वर्षं झाली की बदला. आगीचे बीप तीन-तीनच्या गटात, कार्बन मोनॉक्साईडचे चार-चारच्या, हे घरातल्या लहानांनाही ऐकवून ठेवा.

कॅमेरा जोडणार असाल तर तो शेजाऱ्यांच्या दारावर किंवा रस्त्यावर रोखू नका. २०१४ मध्ये युरोपच्या न्यायालयाने रिनेश खटल्यात सांगितलं की घरावरचा कॅमेरा सार्वजनिक रस्ता टिपत असेल तर ‘माझा घरगुती वापर’ ही सबब चालत नाही. पासवर्ड बदला, चार वेळा शून्य हा इन्स्टॉलर कोड पहिल्याच दिवशी काढा. ब्रिटनने तर २९ एप्रिल २०२४ पासून सगळीकडे एकच असे सोपे फॅक्टरी पासवर्ड विकायलाच बंदी घातलीये.

टेस्टच्या दिवशी मॉनिटरिंगवाल्यांना (अलार्मचा सिग्नल ज्यांच्याकडे जातो त्या कंपनीला) आधी फोन करून सिस्टिम टेस्टवर टाकायला सांगा, शेजाऱ्यांनाही सांगा. मग एकेक दार उघडा, खोलीतून चाला, शेवटी मेन बंद करून बॅटरीवर सायरन वाजवा, आणि पलीकडे सिग्नल खरंच पोचला का ते त्यांच्याच तोंडून ऐका, झोनच्या नावासकट. मेन परत चालू करा. मग टेस्टमधून काढायला परत फोन, हा दुसरा फोन लोक हमखास विसरतात. जाता जाता बॅटरीवर मार्करने आजची तारीख टाका.