नाताळ आटोपशीर करायचा असेल तर

आमच्या वसईकडे नाताळ म्हटला की घर रंगवण्यापासून सुरुवात. मग नवे पडदे, सगळ्यांना कपडे, चार प्रकारचा फराळ, दोन केक. पंचवीस तारखेच्या दुपारी घरातली बाई जेवायला बसते तेव्हा तिला भूक नसते, झोप आलेली असते. तीन वर्षांपूर्वी मी या सगळ्याला कात्री लावली. कसोटी एकच ठेवली: घरच्यांनी मिळून बसून करता येईल ते राहील, एकट्याने धावत सुटावं लागेल ते जाईल.

1. आधी घरच्यांना विचारा

आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाच्या तयारीच्या काळाचा, पहिला रविवार 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर यांच्या दरम्यान येतो. त्या दिवशी जेवणं झाली की सगळ्यांना बसवा. कशावाचून नाताळ झाल्यासारखा वाटणार नाही, ती एकच गोष्ट प्रत्येकाने सांगायची. आमच्याकडे मुलाने गोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा सांगितला, मुलीने कुलकुल हा तळलेला गोड फराळ, सासऱ्यांनी इंद्याल, म्हणजे मांसाचं आंबट-तिखट कालवण. केकचं नाव कोणीच काढलं नाही! रममध्ये सुकामेवा भिजवायचा खटाटोप मी इतकी वर्षं कोणासाठी करत होते, कोण जाणे. आता बेकरीतून अर्धा किलोचा आणतो.

2. पंधरा डिसेंबरच्या आसपास गहू पेरा

गोठ्यासाठी प्लॅस्टिकचं गवत आणू नका. मूठभर गहू रात्रभर भिजवा, पसरट ताटलीत दोन बोटं माती घालून त्यावर दाट पसरा आणि ओल्या फडक्याने झाका. मोड आले की फडकं काढून रोज पाणी शिंपडा. आठ-दहा दिवसांत चार बोटं हिरवं गवत उभं राहतं. नाचणीही चालते, तिचं गवत बारीक आणि देखणं येतं. पाणी घालायचं काम घरातल्या सर्वात लहान पोराकडे द्या, म्हणजे विसरलं जात नाही. भिंतींना खोकी, छपराला पेंढा, पुरे. संत फ्रान्सिस यांनी 1223 साली इटलीतल्या ग्रेच्चो गावात ख्रिस्तजन्माचा देखावा उभा केला, तेव्हा गवत, बैल आणि गाढव एवढाच त्यांचा पसारा होता. बाळ येशूची मूर्ती मात्र चोवीसच्या रात्रीपर्यंत गव्हाणीत ठेवायची नाही.

3. फराळ एकच, पण सगळ्यांनी मिळून

कुलकुल एकट्याने करायला बसलात तर पाठ जाते. चारजण बसले तर गप्पांत अर्धा किलो मैदा कधी संपला ते कळतही नाही.

अर्धा किलो मैद्यात 100 ग्रॅम पिठीसाखर, चिमूटभर मीठ आणि दोन मोठे चमचे गरम तुपाचं मोहन घाला. एक अंडं फोडून घाला. मग नारळाचं दूध थोडं थोडं घालत पीठ घट्ट मळा. वाटीभर दूध काढून ठेवा, पण सगळं एकदम ओतू नका. पीठ सैल झालं तर नक्षी उठत नाही. अर्धा तास झाकून ठेवा. मग सुपारीपेक्षा लहान गोळी घ्या, काट्याच्या पाठीवर अंगठ्याने दाबत पसरवा आणि गुंडाळत सोडवा. आमच्या आजी कोरा कंगवा वापरायच्या, रेघा अजून सुबक येतात. मध्यम आचेवर बदामी तळा. आच मोठी ठेवली तर बाहेरून लाल, आतून कच्चं. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा. साखरेच्या पाकात घोळवायची पद्धत आहे, मी सोडून दिली. कोणाला फरक कळला नाही.

शेजारी पाठवायच्या ताटात हेच, सोबत केकचा तुकडा आणि दोन केळी.

4. भेटींसाठी चिठ्ठ्या

प्रत्येकाने नावाची एकच चिठ्ठी उचलायची, त्या एकाच माणसाला भेट द्यायची. रकमेची मर्यादा आधी ठरवा.

5. चोवीस आणि पंचवीस

इंद्याल चोवीसच्या सकाळीच करून ठेवा. मुरलं की चव चढते. मिस्सेची, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेची वेळ चर्चमध्ये आधी विचारून घ्या, हल्ली बऱ्याच ठिकाणी ती मध्यरात्रीच्या आधीच होते. घरी आल्यावर दिवे मालवून सर्वात लहान मुलाच्या हातून बाळ येशूला गव्हाणीत ठेवा आणि एक गीत म्हणा. पंचवीसला फक्त भात आणि फुगे, म्हणजे आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे. फुगे तळायला एकाने उभं राहावंच लागतं. तिथे आम्ही पाळी लावतो आणि ती बहुधा नवऱ्यावर येते.

गोठा 6 जानेवारीला, बाळ येशूला भेटायला आलेल्या तीन राजांच्या सणानंतर काढा. गवत तोवर पिवळं पडू लागतं. आमचं शेजारच्या शेळीला जातं.