शिरोड्याच्या पुळणीवर जाताना, आणि पेन्सिल

गेल्या डिसेंबरात शिरोड्याला वेळागरच्या किनाऱ्यावर, वाळूच्या टेकड्यांवरची झाडं मोजायला आम्ही अठरा क्वाड्रॅट, म्हणजे मोजणीच्या चौकटी, टाकले. घरी आणलं ते निळ्या डागांचं बंडल. म्हणून पहिलीच गोष्ट: पेन्सिल घ्या. साधी एचबी, आधीच टोक केलेली, माणशी दोन. जेल पेनची शाई घामाने आणि खाऱ्या दमट हवेने पसरते, बॉलपेनच्या टोकात वाळू अडकते. टोकयंत्रातही वाळू जाते, त्यामुळे टोकं घरीच करून न्या.

पाणी, टोपी, डबा हे सांगायला नको. बूट मात्र बंद घ्या. स्पिनिफेक्स या वाळूतल्या गवताच्या पानांची टोकं सुईसारखी असतात, आणि चप्पल घातलेला एक हुशार प्रत्येक गटात असतो.

तारीख ठरवताना कॉलेजच्या आधी पंचांग बघा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी पार वाळूच्या टेकडीच्या पायथ्याशी येतं आणि मोजणी जिथून सुरू करायची ती जागाच बुडते. अष्टमी-नवमीच्या सुमारास भांग, म्हणजे सगळ्यात कमी भरती, असते, ते दिवस धरा. भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, म्हणून कालची वेळ आज चालत नाही. सावंतवाडीहून सकाळची एसटी पकडाच, कारण समुद्रवेलीची जांभळी फुलं दुपारपर्यंत मिटतात आणि मग ‘फुलोरा: नाही’ असं खोटं लिहिलं जातं.

क्वाड्रॅट विकत घेऊ नका. पीव्हीसी पाइपचे 1 मीटरचे चार तुकडे आणि चार एल्बो पुरतात. आत दर 10 सेंटिमीटरवर सुतळी ताणली की शंभर घरं होतात. एक घर म्हणजे एक टक्का, अंदाजपंचे दाहोदरसे बंद. ट्रान्सेक्ट, म्हणजे मोजणीची सरळ रेषा, भरतीच्या रेषेपासून, म्हणजे वाहून आलेला कचरा जिथे थांबतो तिथून, किनाऱ्याला काटकोनात आत सुरूच्या बनापर्यंत न्या. उताराला दोन काठ्या आणि क्लिनोमीटर, म्हणजे उताराचा कोन मोजायचं साधन. उतार बदलला की नवा टप्पा. ठरावीक अंतरावर मोजलंत तर माथाच निसटेल. पुढे समुद्रवेल आणि स्पिनिफेक्स वाळू धरून ठेवतात, तर सुरूखाली सुयांचा थर साचून जवळजवळ काहीच उगवत नाही. हा फरक आकड्यांत दिसायला हवा. आमच्या आकड्यांत दिसला असता.

तो दिसला नाही, कारण चिठ्ठ्या. प्रत्येक नमुन्याला आणि प्रत्येक फोटोत एक चिठ्ठी: ट्रान्सेक्ट, क्वाड्रॅट, अंतर. पेन्सिलीने. ‘फोटोवर वेळ असतेच की’ असं म्हणणाऱ्याच्या हातात अजिबात काही देऊ नका. तीन फोनांतले फोटो एकत्र केले की कुठली वेल सातव्या चौकटीतली आणि कुठली अकराव्या, ते देवालाही सांगता येत नाही. मॅडमना तर नाहीच.

खणू नका. अशा टेकड्या सीआरझेडमध्ये, म्हणजे किनारी क्षेत्राच्या नियमांत, संवेदनशील म्हणून नोंदलेल्या आहेत. आणि हा हंगाम कासवांचाही असतो, जाळी लावलेलं घरटं दिसलं की लांबून वळसा. एका जातीचा एकच नमुना, तोही फांदीचा, मुळासकट नाही. स्पिनिफेक्सची नर आणि मादी झाडं वेगळी असतात, तेवढे दोन घ्या.

प्लास्टिकच्या पिशवीत काही कोंबू नका, उन्हात लगदा होतो. नमुने दाबायला जुनी वर्तमानपत्रं न्या. समुद्रवेलीची पानं मांसल, चीकवाली. कागद रोज बदला, नाहीतर बुरशी.

परत आल्यावर त्याच रात्री आकडे उतरवा, वहीचे फोटो काढा. बाकी अहवाल वगैरे नेहमीचंच. बूट बाहेर झटका.

पेन्सिली पिशवीत टाकल्या का? बघा एकदा.