ओढ्यातले मासे मोजायचे तर

फेकजाळ्यात दहा मासे आले म्हणून ओढ्यात किती आहेत ते कळत नाही. ठरावीक टप्पा दोन्हीकडून बंद करून, सारख्याच मेहनतीने तीन फेऱ्यांत मासे काढायचे आणि दर फेरीला ते किती घटतात ते पाहायचे. सह्याद्रीतल्या गुडघाभर पाण्याच्या ओढ्यांना ही पद्धत चांगली लागू पडते.

दिवाळीनंतर पाणी निवळले की काम धरावे. पहिल्या पावसात मासे अंडी घालायला चढतात, तेव्हा जाळे आडवे लावूच नये. वनखात्याच्या हद्दीत लेखी परवानगी आधी.

डोह आणि खळाळ दोन्ही येतील असा ५० ते १०० मीटरचा टप्पा घ्या. दोन्ही टोकांना ५-६ मिलिमीटर आसाचे (भोकाचे) जाळे काठापासून काठापर्यंत बांधा, तळाची दोरी दगडांनी दाबा आणि पायाने चाचपून बघा. मुरी हा तळाशी राहणारा बारीक मासा बोटभर फटीतून निसटतो आणि सगळे गणित तिथेच बिघडते.

खालून वर सरकावे, म्हणजे गढूळ पाणी मागे राहते. डोहात ओढजाळे चालते. खळाळात मात्र मळ्या मासा हनुवटीखालच्या चकतीने दगडाला चिकटून बसतो आणि जाळे वरून निघून जाते. तिथे हातजाळे दगडाच्या उताराकडच्या अंगाला तळाशी टेकवा, दगड उचला, तळ पायाने ढवळा. दगड होता तसाच परत ठेवा.

पकडलेले मासे तिन्ही फेऱ्या संपेपर्यंत टप्प्याबाहेर, सावलीत. बादलीत दाटी करू नये. मासे पृष्ठभागावर तोंडे काढू लागले की पाणी लगेच बदला. लांबी ओल्या पट्टीवर, ओल्या हातांनी मोजा. कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो.

दोन फेऱ्यांच्या मधे पाणी निवळू द्या, माणसे आणि वेळ तेवढाच ठेवा. पहिल्या फेरीत ६० आणि दुसरीत २० आले, तर पहिल्या फेरीच्या आकड्याचा वर्ग भागिले दोन फेऱ्यांतला फरक: ६० × ६० ÷ (६० − २०) = ९०, म्हणजे टप्प्यात एकूण सुमारे ९० मासे. तिसरीत सहा-सात आले तर अंदाज जमला. पुन्हा वीसच आले तर जाळे कुठेतरी उघडे आहे किंवा पहिल्या फेऱ्या घाईत उरकल्या. दुसरी फेरी पहिलीइतकी किंवा जास्त भरली तर सूत्र वापरूच नका. हिशेब जातवार करा. तळातली मुरी आणि उघड्या पाण्यात पोहणारी दांडवण सारख्या सहज सापडत नाहीत. चिलापी, गप्पी हे बाहेरून आणलेले मासे वेगळ्या रकान्यात.

हेच काम बंधाऱ्याच्या वर आणि खाली, दरवर्षी त्याच आठवड्यात करा. वरच्या टप्प्यात मोठेच मासे मिळाले, पिल्ले नाहीत, तर बंधाऱ्याचे बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) पावसाआधी निघाले होते का, म्हणजे माशांना अंडी घालायला वर चढता आले का, ते आधी विचारा.