सड्यावरचा सरडा: निळ्या झालरीचा फोटो कसा काढावा

सरड्याच्या फोटोसाठी कुणी तुम्हाला पहाटे साडेतीनला घर सोडायला सांगितलं, तर तो माणूस पाखरांचे फोटो काढणारा आहे असं खुशाल समजा. सरडा उन्हाशिवाय हलत नाही. दगड कोमट व्हायला लागले की तो वर येतो. तोवर तुम्ही साताऱ्यात नाश्ता करून निवांत निघालात तरी चालतं. साडेआठला पठारावर असलं की झालं.

मी बोलतेय ते चाळकेवाडीच्या सरड्याबद्दल. सातारा, सज्जनगडाचा फाटा, ठोसेघर आणि त्याच्या थोडं पुढे गेलं की पवनचक्क्यांचं पठार लागतं. जांभ्या दगडाचं, आपल्याकडे ज्याला सडा म्हणतात ते. मे महिन्यात तिथे वाळकं गवत, काळपट दगड आणि वारा एवढंच दिसतं. त्यामुळे लोक पावसाळा सरताना फुलांसाठी कासला गर्दी करतात आणि उन्हाळ्यात या बाजूला फिरकत नाहीत. नेमके त्याच दिवसांत इथले नर गळ्याखालची झालर फुलवून निळा, काळा आणि नारिंगी असे तीन रंग एकमेकांना आणि माद्यांना दाखवत असतात. २०१६ साली शास्त्रज्ञांनी या सरड्याला वेगळी जात म्हणून नाव दिलं, सराडा सुपर्बा. यातला ‘सराडा’ म्हणजे आपलाच सरडा. प्रजातीचं नाव मराठीतून उचललंय.

हंगाम मार्चअखेरपासून पहिल्या पावसापर्यंत. एकदा पाऊस लागला की विषय संपला.

सामानाबद्दल फार बोलण्यासारखं नाही. ३०० मिलिमीटरपर्यंत जाणारी कुठलीही लेन्स, पूर्ण बाह्यांचा शर्ट, टोपी, माणशी तीन लिटर पाणी, अंगाखाली घालायला जुन्या सतरंजीचा तुकडा. कॅमेऱ्याला टेकण म्हणून एका मोज्यात तांदूळ भरून गाठ मारा. ट्रायपॉड घरी ठेवा, तिथे त्याचा उपयोग शून्य.

गाडी डांबरी रस्त्याच्या कडेलाच. सड्यावर गाडी घालणाऱ्यांशी मी भांडते, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

आता सरडा शोधू नका, दगड शोधा. नराची जागा ठरलेली असते आणि त्यात आजूबाजूपेक्षा उंच असा एखादा दगड त्याचा आवडता असतो. पाऊलवाटेवरून सावकाश चालत दुर्बिणीने अशा दगडांचे माथे बघत जा. माथ्यावर टोकाला पांढरा ठिपका असलेल्या बारीक काळ्या लेंड्या दिसल्या की ओळखायचं, मालक इथलाच आहे. आत्ता नसला तरी येईल.

पहिल्यांदाच जात असाल तर पवनचक्क्यांच्या पायथ्याशी सुरुवात करा. हा माझा ठोकताळा नाही. याच पठारावर झालेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या नसलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट आढळले. चक्क्यांच्या आसपास ते कमी, म्हणून तिथे सरडे जास्त. डोक्यावर शिकारी नसल्याने ते निर्धास्तही जास्त, माणसाला बरंच जवळ येऊ देतात. मात्र तिथल्या नरांचे रंग फिके असतात, हेही त्याच अभ्यासात दिसलं. तेव्हा सराव चक्क्यांखाली करा आणि खरा रंग हवा असेल तेव्हा लांबच्या मोकळ्या सड्यावर जा. तिथला सरडा तुम्हाला तितक्या सहज जवळ येऊ देणार नाही, आणि खरी परीक्षा तिथेच सुरू होते.

शेवटचे वीस फूट

पहिल्या वर्षी मी तीन शनिवार वाया घालवले. लांबून, चांगल्या मोठ्या लेन्सने, भरपूर फोटो काढले. सरडा चौकटीत व्यवस्थित, झालर उघडलेली, आणि फोटो मात्र पाण्याखालून काढल्यासारखे. डोळा धड नाही, खवले धड नाहीत. मी लेन्सला दोष दिला आणि ती दुरुस्तीला टाकली. दुकानदाराने पैसे घेतले, लेन्स होती तशीच परत दिली. चौथ्या शनिवारीही तेच.

दोष हवेचा होता. तापलेल्या दगडावरून गरम हवा वर उठते आणि तिच्यातून येणारा प्रकाश थरथरतो. डांबरी रस्त्यावर दुपारी लांबवर पाणी साचल्याचा भास होतो, त्याचंच हे भावंड. आपण जमिनीलगत कॅमेरा धरतो, म्हणजे बरोबर त्याच थरातून बघतो. तुमच्यात आणि सरड्यात जितकं अंतर जास्त, तितकी ही थरथरती हवा जास्त. ६०० मिलिमीटरची लेन्स हा थरथराटसुद्धा मोठा करून दाखवते. म्हणून ‘मोठी लेन्स घ्या, लांबूनच काढा’ या सल्ल्याचा मला मनस्वी राग आहे. त्या सल्ल्यात माझे चार शनिवार गेले.

त्यात पेच असा की दगड तापल्याशिवाय सरडा झालर उघडत नाही, आणि दगड तापला की हवा थरथरते. माझ्या अनुभवाने मे महिन्यात साधारण पावणेनऊ ते सव्वादहा एवढीच वेळ हाताशी असते. वारा असेल तर थोडी जास्त. इलाज एकच, लहान लेन्स आणि सात-आठ फुटांचं अंतर.

सात-आठ फुटांवर चालत जाता येत नाही. सरड्याचे शत्रू वरून येतात, खरुची, तिसा वगैरे शिकारी पक्षी. उभा माणूस म्हणजे त्याच्या लेखी आभाळातून खाली येणारी भलीमोठी भानगड. तो आधी गोठतो, मग दगडाला चिकटून सपाट होतो, मग क्षणात पलीकडे. तुम्ही वळसा घालून पलीकडे जाता तेव्हा तो अलीकडे आलेला असतो. हा खेळ मी तासन्‌तास खेळलेय आणि एकदाही जिंकले नाही.

म्हणून पाठलाग सोडा. तो दगडावर नसताना, किंवा तुम्हाला बघून पळालेला असताना, त्याच्या दगडापासून सात-आठ फुटांवर जाऊन सरळ आडवं व्हा. आडवं होण्याआधी जागा नीट बघा. जांभ्याच्या कपारीत विंचू असतात, फुरसंही असू शकतं. दगड हाताने उलटू नका, सरड्याच्या भल्यासाठीही आणि तुमच्याही. सूर्य पाठीशी ठेवा, कारण झालरीचा निळा तिच्यावर समोरून पडणाऱ्या उजेडातच खुलतो. उभ्याने तुमची सावली त्याच्या दगडावर पडली असती, पालथं पडल्यावर ती आपोआप आखडते. कॅमेरा तांदळाच्या मोज्यावर टेकवा, दगडाच्या माथ्यावर फोकस करून ठेवा, शटर १/१६०० सेकंद किंवा त्याहून वेगवान. मग हलायचं नाही. खाज सुटली तरी नाही.

दहा मिनिटांनी, कधी पंचवीस मिनिटांनी, दगडामागून आधी एक डोळा दिसेल. लगेच फोटो काढू नका, इथेच सगळे घाई करतात. शटरच्या पहिल्या आवाजाला तो परत गडप होतो. त्याला वर येऊ द्या, डोकं दोन-चारदा वरखाली करू द्या. पुढच्या पायांवर छाती उचलून मान ताठ केली की समजा आता झालर उघडणार. तेव्हा बटण दाबून धरायचं. झालर फटाफट उघडते-मिटते, डोळ्याने बघून बोट दाबाल तर मिटलेलीच मिळेल.

सरडा पकडून, हाताळून, दगडावर ‘बसवून’ फोटो काढणारे लोक आहेत. घाबरलेला सरडा कसा दिसतो हे ज्याला माहीत आहे, त्याला असा फोटो लगेच ओळखू येतो.

एकदा मी अशीच अर्धा तास पालथी पडले होते. गुरं घेऊन आलेले एक आजोबा जरा वेळ बघत उभे राहिले आणि म्हणाले, “काय हरवलंय व्हय, ताई?” म्हटलं, सरडा बघतेय. ते म्हणाले, “त्यो तर तुमच्या मागं बसलाय.” खरंच होता, माझ्या बुटापासून हातभर अंतरावर.

मादी जवळपास आली तर तुमचा दिवस भाग्याचा, नर एकामागून एक झालर उघडत राहतो. तेव्हा एक बोटही पुढे सरकू नका, असाल तिथूनच काढा.

साडेदहानंतर आवरा. घरी आल्यावर तीन-चारशे फोटोंतले दहा राखावेसे वाटतील, त्यात झालर पूर्ण उघडलेले दोन-तीन. संगणकावर निळा रंग आणखी गडद करायला जाऊ नका. आहे तसा दाखवला तरी लोक विचारतातच, रंग भरलाय का म्हणून.