फोटोबुकांच्या मोफत ग्रंथालयात जाण्याआधी

सगळ्यात आधी एक गोष्ट विचारून घ्या: तिथे देवघेव आहे, की फक्त बसून पाहण्याची सोय? फोटोग्राफीच्या पुस्तकांनाच वाहिलेली ग्रंथालयं बहुतेक दुसऱ्या प्रकारची असतात. फोटोबुकाच्या, म्हणजे छायाचित्रांच्या क्रमातूनच बोलणाऱ्या पुस्तकाच्या, प्रती मुळात थोड्या निघतात, पुनर्मुद्रण क्वचितच होतं, आणि हरवलेली प्रत पुन्हा मिळाली तरी मूळ किमतीत मिळत नाही. त्यामुळे प्रवेश फुकट असला तरी पुस्तक घरी येणार नाही. जे पाहायचं ते तिथेच, हाताशी असलेल्या दोन-चार तासांत. बाकीची तयारी यावरूनच ठरते.

वेळा फोन करून पक्क्या करा. अशा छोट्या जागा कधीकधी आठवड्यातून मोजकेच दिवस उघडतात, काही ठिकाणी आधी जागा राखावी लागते. त्याच फोनमध्ये विचारून टाका की कपाटं खुली आहेत की चिठ्ठी देऊन पुस्तक मागवायचं, मोबाइलने फोटो काढू देतात का, आणि पिशवी बाहेर ठेवावी लागते का. ओळखपत्र जवळ असू द्या. लहान मुलं बरोबर असतील तर तेही सांगा. युद्धाची आणि नग्नतेची चित्रं या पुस्तकांत सर्रास असतात, कुठल्या कपाटापासून लांब राहायचं ते ग्रंथपालांना ठाऊक असतं.

चिठ्ठीची पद्धत असेल तर ग्रंथालयाची तालिका, म्हणजे पुस्तकांची सूची, घरीच चाळा आणि पुस्तकांचे क्रमांक लिहून न्या. कपाटं खुली असतील आणि मांडणी ड्यूई पद्धतीची (प्रत्येक विषयाला ठरावीक क्रमांक देणारी) असेल, तर फोटोग्राफी 770 पासून पुढे सापडते आणि चित्रसंग्रह बहुधा 779 मध्ये. विशेष ग्रंथालयं मात्र स्वतःची रचना करतात, कुठे छायाचित्रकाराच्या आडनावानुसार, कुठे देशानुसार. मोठ्या आकाराची पुस्तकं वेगळ्या कप्प्यात आडवी ठेवलेली असतात. ती पाहिल्याशिवाय ‘इथे नाही’ म्हणून परतू नका.

आता यादी. पाच-सहा पुस्तकं, त्याहून जास्त नकोत. चाळायची म्हटली तर तीसही चाळून होतील, पण फोटोबुक चाळण्यासाठी नसतंच. एका चित्रानंतर दुसरं कोणतं, मध्ये कोरं पान का, हे कुणीतरी महिनोन्‌महिने बसून ठरवलेलं असतं. म्हणून पहिल्या फेरीत न थांबता सुरुवातीपासून शेवटपर्यंत जा आणि प्रस्तावना दुसऱ्या फेरीसाठी ठेवा. यादीत नुसतं नाव नको, आवृत्तीही लिहा. छायाचित्रकार रॉबर्ट फ्रँक यांचं ‘द अमेरिकन्स’ 1958 मध्ये पॅरिसमध्ये आधी निघालं, तेव्हा चित्रांसोबत इतर लेखकांचे उतारे होते. 1959 च्या अमेरिकन आवृत्तीत ते गेले आणि कादंबरीकार जॅक केरुअॅक यांची प्रस्तावना आली. चित्रं तीच 83, पण पाहण्याचा अनुभव वेगळा. दोन्ही आवृत्त्या त्या ग्रंथालयात असतील तर शेजारी-शेजारी मागवा. दिवस सत्कारणी लागेल.

काही पुस्तकांना जागा लागते. अमेरिकन कलाकार एड रुशे यांचं लॉस एंजेलिसमधल्या सनसेट स्ट्रिप या रस्त्यावरचं 1966 चं पुस्तक म्हणजे एकच घडीची पट्टी, पूर्ण उलगडली तर 25 फुटांच्या आसपास. छायाचित्रकार दयानिता सिंग यांच्या ‘सेंट अ लेटर’मध्ये (2008) एका पेटीत सात छोटी घडीची पुस्तकं आहेत. असलं काही यादीत असेल तर आधी कळवा, लांब टेबल मोकळं करून देतील. जपानी पुस्तकांपैकी काही उजवीकडून उघडतात. कुठली बाजू पहिली हे पाहूनच सुरुवात करा, नाहीतर क्रम उलटा होईल.

हातांची तयारी सगळ्यात महत्त्वाची. क्रीम लावून जाऊ नका. पोचल्यावर साबणाने हात धुऊन पूर्ण कोरडे करा. सुती मोज्यांचा आग्रह आता बऱ्याच ठिकाणी राहिलेला नाही. मोज्यांतून कागदाची जाडी कळत नाही आणि कडा फाटतात. सुट्या छायाचित्रांसाठी मात्र मोजे देतात, तिथे मुकाट्याने घालावेत. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ, गळ्यातलं लोंबतं ओळखपत्र काढून ठेवा. बोटाला थुंकी लावून पान उलटायची सवय असलेल्यांनी तर आधी घरीच सराव करावा! वरचा कोपरा हलकेच उचलून, तळवा खाली सरकवत पान पलटायचं. काळ्या मॅट छपाईवर अंगठा टेकला की त्याच्या रेघा लख्ख उमटतात आणि त्या पुसल्या जात नाहीत. चित्राचा मधला भाग शिवणीत गेलेला असतो, तो दिसावा म्हणून पुस्तक दाबून सपाट करू नका. टेकूसाठी उशी किंवा फोमचे तुकडे मागा.

सोबत पेन्सिल आणि वही. शाईचं पेन बहुतेक ठिकाणी चालतच नाही. छोटं भिंग असेल तर जरूर घ्या: ऑफसेट या आजच्या नेहमीच्या छपाईत त्यातून ठिपक्यांची जाळी दिसते, जुन्या ग्रॅव्ह्यूरमध्ये (कोरलेल्या धातूवरून केलेल्या छपाईत) ती तशी उठून दिसत नाही आणि काळा रंग दाट भरलेला असतो. पुष्कळ फोटोबुकांना पृष्ठक्रमांकच नसतात, तेव्हा ‘सुरुवातीपासून अमुकावं जोडपान’ (समोरासमोरची दोन पानं मिळून एक) अशी नोंद करा. शेवटच्या पानावरचा छपाईचा तपशील, म्हणजे प्रकाशक, वर्ष, आवृत्ती आणि कुठे छापलं, तोही उतरवून घ्या. दुसरीकडे तेच पुस्तक शोधताना हाच कामाला येतो. मोबाइलने फोटो काढू देत असतील तर फ्लॅश बंद ठेवून, आठवणीपुरते दोन-चार. अख्खं पुस्तक टिपून घेणं कॉपीराइटचा भंग ठरू शकतं, आणि तसा क्रमही हाती लागत नाही.

पाणी आणि खाणं बाहेर. अंगावर घ्यायला काहीतरी असू द्या, कागद टिकावा म्हणून खोली थंड ठेवलेली असू शकते.

पाहून झालेलं पुस्तक आपणच कपाटात घालू नका, टेबलावर किंवा ट्रॉलीवर ठेवा. चुकीच्या जागी गेलेलं पुस्तक पुढच्याच्या लेखी हरवल्यातच जमा. वेष्टण किंवा पेटी होती ना, ती त्याच पुस्तकाला परत चढवली का, तेवढं बघा. निघताना नोंदवही असेल तर नाव लिहा. फुकट चालणाऱ्या जागेला मदत मागताना किती लोक येतात ते दाखवता येतं.