पोटभरीचं मिसो नूडल सूप

मिसो घातलेलं पातेलं कुणी खळखळ उकळू देताना दिसलं, की माझा हात आपोआप गॅसच्या बटणाकडे जातो. शिजवलेल्या सोयाबीनमध्ये मीठ आणि कोजी, म्हणजे बहुधा तांदळावर किंवा जवावर वाढवलेली बुरशी, मिसळून महिनोन्‌महिने आंबवलं की मिसो होतो. एवढ्या काळात कमावलेला वास पाच मिनिटांच्या उकळीत उडून जातो. म्हणून मिसो सगळ्यात शेवटी, गॅस बंद करून. जपानमधल्या सप्पोरोचे रामेनवाले (रामेन म्हणजे तिथलं नूडल सूप) तो कढईत परततात हे खरं, पण त्यांना खमंगपणा हवा असतो. आपलं सूप वेगळं.

खरं काम आदल्या रात्रीचं. दोघांसाठी एक लिटर पाण्यात कोम्बूचा, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा, तळहाताएवढा तुकडा (साधारण १० ग्रॅम) आणि ४ सुके शिताके मश्रूम टाकून फ्रीजमध्ये ठेवा. कोम्बूवर पांढरी भुकटी दिसेल. ती बुरशी नव्हे, चव आहे. धुवू नका, कोरड्या फडक्याने वरवर पुसा. याच शेवाळातून जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला उमामी म्हटलं. सुक्या शिताकेत ग्वानिलेट हे उमामी चवीचंच दुसरं द्रव्य असतं. दोन्ही एकत्र आली की चव नुसती वाढत नाही, कितीतरी पटीने चढते. तेव्हा दोन्हीपैकी एकावर भागवू नका.

दुसऱ्या दिवशी पातेलं मंद आचेवर ठेवा. कडेला बारीक बुडबुडे धरू लागले की कोम्बू बाहेर. उकळला तर पाणी बुळबुळीत आणि कडवट होतं. मासे चालत असतील तर आता एक उकळी आणून गॅस बंद करा, मूठभर कात्सुओबुशी (सुकवलेल्या माशाचे पातळ पापुद्रे) टाका आणि दोन मिनिटांनी गाळून घ्या. नसतील चालत तर एवढ्यावरही उत्तम दाशी, म्हणजे सूपचं मूळ पाणी, तयार आहे. शिताकेचे देठ चिवट असतात, ते काढून टाका आणि टोप्या चिरून ठेवा.

आता भरीचा भाग. जाड बुडाच्या पातेल्यात चमचाभर तेलावर आलं-लसूण आणि उभा चिरलेला कांदा परता. कांद्याच्या कडा तपकिरी होईपर्यंत थांबा, घाई नको. मग गाजर, लाल भोपळ्याच्या जाड फोडी आणि शिताके, वरून दाशी. भोपळा मी मुद्दाम घालते. त्याच्या कडा विरघळतात आणि सूप आपोआप दाट होतं. भोपळा शिजत आला की कोबी आणि टोफू.

नूडल्स मात्र वेगळ्या पातेल्यात, भरपूर पाण्यात. सूपमध्येच उकडल्या तर पिठाने सगळं चिकट होतं. शिवाय उदोनच्या, म्हणजे जाड गव्हाच्या नूडल्सच्या, कणकेतच मीठ असतं, ते सूपमध्ये उतरतं. माणशी १०० ग्रॅम सुक्या नूडल्स पुरतात. पाकिटावरच्या वेळेपेक्षा मिनिटभर आधी निथळा. उदोन आणि सोबा (कुट्टूच्या पिठाच्या नूडल्स) गार पाण्याखाली हाताने चोळून धुवा, मग वाढताना गरम पाण्यातून काढा. रामेनच्या नूडल्स नुसत्या निथळल्या तरी चालतात.

आता गॅस बंद. मोठ्या गाळणीत मिसो घ्या, ती सूपमध्ये अर्धी बुडवा आणि चमच्याने गोल गोल फिरवत विरघळवा. गाळणीत सोयाबीनचे कण उरतील, तेही सूपमध्येच ढकला. दोन वाडग्यांना ४ मोठे चमचे हा माझा अंदाज, पण सुरुवात तिनाने करा. पांढरा मिसो गोडसर आणि कमी खारट, लाल मिसो तिखट नव्हे पण ठसठशीत. मी दोन्ही निम्मे-निम्मे घेते. नुसतं चाखताना सूप किंचित खारट लागलं पाहिजे. नूडल्स त्याला बरोबर खाली आणतात. वेगळं मीठ घालायचं नाही.

वाडगे गरम पाण्याने विसळून घ्या. तळाशी नूडल्स, वर सूप, कांद्याची पात, भाजलेले तीळ, आणि सात मिनिटं उकडून गार पाण्यात टाकलेलं अंडं. मक्याचे दाणे आणि लोण्याचा गोळा ही सप्पोरोकडची चैन. थंडीच्या दिवसांत तीही करते.

उरणार असेल तर मिसो घालण्याआधीच सूप बाजूला काढा आणि नूडल्स वेगळ्या ठेवा. मिसोचा डबा फ्रीजरमध्ये टाकलात तरी मिठामुळे तो दगडासारखा गोठत नाही, चमचा सहज जातो.